पोर्टल आहे, नोंदी आहेत, तरी एका युनिटचं ज्ञान दुसऱ्या युनिटला का मिळत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीची अनेक युनिट्स, गाजावाजा करून सुरू केलेलं नॉलेज पोर्टल (कामातले अनुभव नोंदवायची वेबसाइट), आणि तरीही एका युनिटने सोडवलेली अडचण दुसरं युनिट पुन्हा पहिल्यापासून सोडवत बसतं. लोक माहिती दाबून ठेवतात का, नोंदींसाठी बक्षीस ठेवावं का, असंही तुम्ही विचारलंय. आधी मेंटेनन्स आणि मग युनिटांमधला समन्वय यातच माझी नोकरी गेली. त्यावरून सांगतो, बक्षिसाच्या मागे लागू नका. नोंदींचा ढीग होईल, वाचणारे वाढणार नाहीत.

लोक मुद्दाम सांगत नाहीत, हे निदान बहुतेक वेळा चुकतं. व्यवस्थापनाचे अभ्यासक गॅब्रिएल शुलान्स्की यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ कंपन्यांमधली चांगल्या पद्धती इकडून तिकडे नेण्याची १२२ उदाहरणं तपासली होती. मुख्य अडथळे निघाले ते वेगळेच: घेणाऱ्याची ते पचवण्याची तयारी नसणं, पद्धत नेमकी कशामुळे चालते हे देणाऱ्यालाही नीट ठाऊक नसणं, आणि दोन्हीकडच्या लोकांचं एकमेकांशी न जमणं.

यातला दुसरा अडथळा शॉप फ्लोअरवर रोज दिसतो. पोर्टलवर नोंद असते, ‘ऑइल सील बदलताना शाफ्ट स्वच्छ करावा.’ (ऑइल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, बसवलेली तेलगळती रोखणारी रिंग.) वाचणारा शाफ्ट पुसतो, नवं सील बसवतो, आणि गळती पुन्हा सुरू. ज्याने नोंद लिहिली तो फिटर प्रत्यक्षात शाफ्टवरून नख फिरवतो. जुन्या सीलच्या ओठाने, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेने, पाडलेली चर नखाला लागली, की तो सील किंचित पुढेमागे बसवतो, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर फिरतो. चर खोल असेल तर शाफ्टवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) घालतो. हे त्याने लिहिलं नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. शेजारी उभं राहून कुणी ‘हे नख कशाला?’ असं विचारलं असतं, तर त्याने लगेच सांगितलं असतं.

म्हणून विचारणाऱ्यापासून सुरुवात करा. बीपी या तेल कंपनीत १९९० च्या दशकात ‘पीअर असिस्ट’ ही पद्धत रुळली. अवघड काम हाती घेण्याआधी ती टीम दुसऱ्या युनिटांमधल्या अनुभवी लोकांना बोलावते आणि आपला बेत त्यांच्यापुढे मांडते. मला ही पद्धत सगळ्यात उपयोगी वाटते, पण पथ्यं पाळली तरच. बोलावणं ज्याला गरज आहे त्याचं हवं, हेड ऑफिसचं नव्हे. पाहुणे साहेब नकोत, हाताने काम करणारे हवेत. प्रश्न नेमका हवा. आणि सल्ला ऐकल्यावर निर्णय यजमान टीमचाच, नाहीतर ते ऑडिट होतं आणि पुढच्या वेळी कुणी बोलावत नाही.

पोर्टल बंद करू नका. झेरॉक्स कंपनीच्या ‘युरेका’ या दुरुस्तीच्या टिपांच्या संग्रहामध्ये मशीन दुरुस्त करणारे तंत्रज्ञच टिपा लिहीत, त्यांच्यातलेच जाणकार त्या तपासत, आणि टिपेवर लिहिणाऱ्याचं नाव असे. तुमच्या नोंदींवरही नाव आणि एक्स्टेन्शन नंबर टाका. साध्या गोष्टीला एक फोन पुरतो, गुंतागुंतीच्या कामाला माणूसच पाठवावा लागतो.

आणि तिथेच गाडी अडते. फिटर दोन दिवस दुसऱ्या युनिटला गेला, तर ते तास कुणाच्या खात्यावर? त्याच्या मॅनेजरला डाउनटाइमच्या (मशीन बंद राहण्याच्या वेळेच्या) आकड्यांवर त्याच दुसऱ्या युनिटशी तोलत असतील, तर तो माणूस सोडेलच कशाला? मी मॅनेजरला दोष देणार नाही, त्याला तसंच मोजलं जातंय. मॅनेजमेंटकडे बक्षिसाचा प्रस्ताव नेण्याऐवजी दोनच गोष्टी मागा: अशा दिवसांसाठी वेगळा कॉस्ट कोड (खर्च टाकायचं वेगळं खातं), आणि युनिट हेडच्या मूल्यमापनात ‘दुसऱ्यांना किती मदत केली’ याची नोंद. पहिला प्रयोग जे मोठं शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवणं) जवळ आलंय त्यावरच करा, आणि पाहुण्यांना बेत पक्का होण्याआधी बोलवा. स्पेअर्सची ऑर्डर गेल्यावर त्यांचं ऐकून बदलण्यासारखं फारसं उरत नाही.