वाचकांचे प्रश्न : रक्तगट जुळला, मग किडनी का चालत नाही?

प्रश्न : माझ्या पत्नीला नऊ वर्षांपूर्वी तिच्या आईची किडनी बसवली होती. गेल्या वर्षी शरीराने ती नाकारली आणि आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आमचा दोघांचा रक्तगट एकच असल्यामुळे मी किडनी द्यायचे ठरवले, परंतु क्रॉसमॅच ही जुळणीची चाचणी पॉझिटिव्ह आल्याने डॉक्टर नको म्हणाले. असे का व्हावे? आमचा २२ वर्षांचा मुलगाही तयार आहे. त्याची किडनी चालेल का?
– एक वाचक, धनकवडी, पुणे

उत्तर : रक्तगट जुळणे ही केवळ पहिली पायरी आहे. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिने असतात. त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून येतो, आणि आपले कोण, परके कोण हे शरीर त्यांवरूनच ओळखते. आईची किडनी बसवली तेव्हा तिचा एक संच तुमच्या पत्नीच्या ओळखीचा होता, दुसरा परका. किडनी नाकारली जाताना बहुधा त्या परक्या संचाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडीज, म्हणजे परक्यावर हल्ला करणारी रक्तातील प्रथिने) तयार झाली असणार. ती तयार करण्याची स्मृती पेशींमध्ये वर्षानुवर्षे राहते. तुमचे काही एचएलए त्या संचासारखे असतील तर तीच प्रतिपिंडे तुमच्या किडनीवरही उलटू शकतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते, आणि ते मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण यात दोष कोणाचाच नाही. मुलाच्या अंगी निम्मे एचएलए तुमचे आहेत. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात मिसळतात, त्यामुळे तुमच्या एचएलएविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या शरीरात तेव्हापासूनच असू शकतात. तसे असेल तर मुलाची किडनीही अडचणीची ठरण्याचा संभव मोठा आहे. अर्थात, चाचणीशिवाय ठाम सांगता येणार नाही.

क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्तद्रव एकत्र आणून पाहतात. येथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे धोका. पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ साली दाखवून दिले की असा निकाल असताना केलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ किडन्या तत्काळ निकामी झाल्या, तर निकाल निगेटिव्ह असलेल्या १९५ पैकी केवळ ८. डॉक्टरांनी तुम्हाला थांबवले ते योग्यच केले.

पत्नीला सख्खी भावंडे असतील तर त्यांची तपासणी आधी करावी. भावंडाचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि आईकडून आलेला संच तोच असण्याची (म्हणजे आईचा तो परका संच त्यात नसण्याची) ५० टक्के. दुसरा मार्ग स्वॅपचा : तुमची किडनी दुसऱ्या कुटुंबातील रुग्णाला आणि त्यांच्या दात्याची तुमच्या पत्नीला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांच्या अशा जोड्यांना वाट करून दिली आहे. त्याचबरोबर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नाव नोंदवावे. प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडे कमी करण्याचा उपचारही आहे. मात्र तो खर्चिक आहे, त्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि प्रतिपिंडे पुन्हा वाढू शकतात, म्हणून मी तो आधी सुचवणार नाही.

पत्नीची प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या एचएलएविरुद्ध आहेत याचा अहवाल डॉक्टरांकडून मागून घ्या. किडनी नाकारली जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या अजून चालू असतील तर ‘आता किडनीच गेली’ म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, कारण त्या थांबल्यावर प्रतिपिंडे अनेकदा वाढतात. रक्त चढवण्यानेही तेच होऊ शकते. तेव्हा हिमोग्लोबिन उतरले तर इंजेक्शनांनी ते सावरता येईल का, हे डायलिसिसच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा.