ब्रिटनच्या वॉर्डात जाण्याआधी: परीक्षा, न्यूज-२ आणि डॉक्टरला केलेला फोन

सिस्टर, तुमचे प्रश्न दोन. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि मेडिकल वॉर्डातली चार वर्षं एवढ्यावर ब्रिटनमध्ये नोंदणी होईल का? आणि तिथलं टीमवर्क आपल्याकडच्यापेक्षा वेगळं म्हणजे नेमकं काय? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, होईल. तिथले पहिले सहा महिने कसे जातील हे दुसऱ्यावर ठरतं, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

नोंदणी करते नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिल, म्हणजे एनएमसी. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, श्रवण, संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा) दिलीत तर तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. वॉर्डात काम करणाऱ्याला ओईटी जवळची वाटते, कारण लेखनात निबंध नसतो, रुग्णाबद्दलचं पत्र असतं. मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, ती भारतातच देता येते. त्यात गणिताचे १५ आणि नर्सिंगचे १०० प्रश्न असतात. गणितात पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं. एक लिटर सलाईन ८ तासांत द्यायचं तर ताशी १२५ मिली, आणि २० थेंबांच्या सेटवर (एका मिलीला २० थेंब) मिनिटाला ४२ थेंब. हे कागदावर झटपट जमलं पाहिजे. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडची तुमच्या नोंदणीची पडताळणी मात्र लवकर सुरू करा. जीएनएमच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो.

शेवटची ओएससीई, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, तिथे जाऊनच द्यावी लागते. दहा स्टेशन्स: चार एकाच रुग्णाभोवतीची (तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन), चार हातच्या कौशल्यांची, दोन लेखी. फी ७९४ पौंड. पहिल्या प्रयत्नाची फी बहुतेक ठिकाणी रुग्णालय भरतं, पण करारात तसं लिहिलंय का आणि नोकरी लवकर सोडल्यास किती पैसे परत मागतील, हे सहीआधी वाचा. लोक नापास होतात ते अवघड कौशल्यात नाही. हात धुवायचे राहतात. रुग्णाच्या मनगटाच्या पट्ट्यावरचं नाव न तपासता "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं जातं, खरं तर नाव आणि जन्मतारीख रुग्णाकडून वदवून घ्यायची असते. ॲलर्जी विचारली जात नाही, किंवा नोंदीखाली सही, तारीख, वेळ राहते. बांगड्या आणि घड्याळ काढून कोपरापर्यंत हात मोकळे ठेवायची सवय आतापासून लावा.

आता टीमवर्क. तिथे प्रौढांच्या वॉर्डात न्यूज-२ वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये आणलेली, रुग्ण ढासळतोय का हे ओळखायची ही गुणपद्धत आहे. श्वास, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, सिस्टोलिक बीपी, नाडी, रुग्ण शुद्धीवर आहे का आणि ताप, प्रत्येकाला गुण. समजा श्वास २२ (२ गुण), दोन लिटर ऑक्सिजनवर (२) पातळी ९४ (१), बीपी १०८ (१), नाडी १०४ (१), ताप ३८.४ (१), रुग्ण शुद्धीवर. सुटा आकडा एकही घाबरवणारा नाही. आपल्याकडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर लिहून कुणीही पुढच्या बेडकडे जाईल. बेरीज मात्र ८ होते. पाच-सहाला तातडीने डॉक्टरांनी पाहावं आणि दर तासाला मोजणी व्हावी असा नियम. सात किंवा वर गेलं की आपत्कालीन, सतत निगराणी, वरिष्ठ डॉक्टर. ही यंत्रणा हलवते ती नर्स. सीओपीडीसारख्या (फुप्फुसांचा जुनाट आजार) ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यांच्यासाठी ऑक्सिजनची वेगळी मोजपट्टी आहे, लक्ष्य ८८ ते ९२. ती चुकून सगळ्यांना लावली तर धोक्याचा रुग्ण बरा दिसतो.

फोनची पद्धतही ठरलेली आहे, एसबार: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी. "वॉर्ड सातची स्टाफ नर्स बोलतेय, बेड बाराचा न्यूज आठ, सकाळी तीन होता. परवा न्यूमोनियासाठी दाखल, तोंडाने अँटिबायोटिक चालू. मला सेप्सिसची (संसर्ग अंगभर भिनल्याची) शंका आहे. तुम्ही पंधरा मिनिटांत येऊन पाहा. तोवर ब्लड कल्चर घेऊन ठेवू का?" आपल्या मुली अडखळतात त्या शेवटच्या दोन भागांवर, अंदाज आणि मागणीवर. "सर, पेशंट बरा वाटत नाही" म्हणून गप्प राहायची आपल्याला सवय, कारण अंदाज सांगणं आगाऊपणा मानला जातो. तिथे तो न सांगणं हा कामातला दोष ठरतो.

बाकीची माणसंही कामाची समजून घ्या. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येतं का हे तपासल्याशिवाय पाण्याचा घोटही द्यायचा नाही. शंका असली की स्पीच थेरपिस्टला बोलवायचं. घरी जिना चढता येईल का हे फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट ठरवतात. फार्मसिस्ट औषधांचा चार्ट तपासतो. रोजच्या बोर्ड राउंडला, म्हणजे फळ्यासमोरच्या छोट्या बैठकीत, या सगळ्यांसमोर तुमच्या रुग्णाचं तुम्ही सांगायचं. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं नातेवाइकांवर किंवा मावशींवर सोडता येत नाही. हेल्थकेअर असिस्टंट असते, पण जबाबदारी तुमचीच. आणि इथे रोज वीस इंट्राकॅथ (शिरेतली सलाईनची नळी) लावत असलात तरी तिथल्या रुग्णालयाचं प्रशिक्षण घेऊन सही होईपर्यंत हात लावायचा नाही. याचा राग येतो, पण तो नियम तुमच्या कौशल्यावरचा अविश्वास नव्हे, प्रत्येक नव्या माणसाला आहे.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट टाळा. ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेत उमेदवाराकडून फी घ्यायला मनाई आहे.

तयारीसाठी क्लासची वाट पाहू नका. आजच्या ड्युटीपासून तुमच्या रुग्णांचा न्यूज-२ कागदावर काढा, आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) फोन करण्याआधी एसबारच्या चार ओळी लिहा. श्वास मात्र खरंच मोजा. चार्टवर सगळ्यांचा २० लिहिलेला असतो. नाडी पाहतोय असं दाखवत मनगट धरून ठेवा, रुग्णाला न सांगता पूर्ण एक मिनिट छातीकडे बघा.