स्वतःला सतत दोष देण्याचा मानसिक आरोग्यावर काय परिणाम होतो?

गॅसवर ठेवलेले दूध उतू गेले, तर एखादी व्यक्ती ‘माझे लक्ष नव्हते’ असे म्हणून ओटा पुसते. दुसरी मात्र ओटा पुसतापुसता ‘मी आहेच वेंधळी, माझ्याकडून काही धड होत नाही’ असे स्वतःला ऐकवू लागते. पहिल्या वाक्यात दोष कृतीला आहे, दुसऱ्यात अख्ख्या व्यक्तीला, आणि अपराधीपणा व शरम यांत मानसशास्त्र जो भेद करते तो हाच. अपराधीपणा माणसाला चूक सुधारण्याकडे वळवतो. शरम तोंड लपवायला लावते, आणि नैराश्याशी तिचाच संबंध अधिक ठळकपणे आढळतो.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आपण जसे आहोत आणि जसे असावेसे वाटते यांतील अंतरातून खिन्नता येते, तर जसे असायलाच हवे त्यापासूनच्या अंतरातून धास्ती. (‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न दुसरे अंतर इमानेइतबारे वाढवतो.)

स्वतःला टाकून बोलल्याने शिस्त लागते, हे मला पटत नाही. स्वतःला दोष देणारा तोच विचार रात्रभर घोळत राहिला की झोप उडते, माणूस मित्रांचे फोन घेणे टाळतो आणि त्यातून आलेल्या एकटेपणालाच स्वतःच्या नालायकपणाचा पुरावा मानतो. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.