पांढरी माशी चावते की डसते?

प्रश्न असा आहे : ‘पांढरी माशी चावली की भेंडीवर केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग) पडतो’ हे बरोबर, की ‘माशी रस शोषते’ म्हणावं? आणि तिला माशी का म्हणतात?

‘चावणे’ आधी बाद करा. ते ‘चर्व्’ धातूचं, चर्वणाचं. लष्करी अळी चावते. पांढरी माशी, मावा, तुडतुडे यांच्या तोंडात चावायची सोयच नाही, तरी ‘माशीचा चावा’ कानावर पडतोच. वीट आला.

‘शोषणे’ अर्धवट आहे. पुस्तकांनी ‘रसशोषक कीड’ इतकं रुळवलं की रोग येतो ती वाटच झाकली गेली. या किडींच्या सोंडेत केसाहून बारीक चार सुया असतात. आतल्या दोन एकमेकींत अडकून दोन नळ्या तयार होतात : एकीतून रस वर येतो, दुसरीतून लाळ खाली उतरते. रोग लाळेबरोबर उतरतो! भेंडीच्या केवड्याचा विषाणू माशीच्या आतड्यातून रक्तात, तिथून लाळग्रंथीत आणि मग पुढच्या झाडात जातो. पपईच्या ‘रिंगस्पॉट’ रोगाचा विषाणू माव्याच्या सुईलाच चिकटतो. काही सेकंद टोचलं तरी पुरतं, म्हणून फवारणीने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. शिवाय सुई पेशींच्या फटींतून वाट काढते, पेशी फारशा मरत नाहीत, आणि विषाणूला जिवंत पेशीच हवी.

माझा शब्द ‘डसणे’. संस्कृत ‘दंश्’, प्राकृत ‘डसइ’, मराठी ‘डसणे’. ‘डास’ त्याच घरातला, आणि ‘दंष्ट्रा’वरून आलेली आपली ‘दाढ’सुद्धा. आता पाहा, त्या चार सुया म्हणजे जबडेच आहेत! टोळ ज्या अवयवांनी पान कातरतो, तेच इथे लांबून सुया झाले. फुलकिड्यांत तर उजवा जबडा जवळपास नाहीसाच झालाय, डावा तेवढा भोक पाडतो. दाढ आणि दंश एका धातूचे, आणि किडीच्या तोंडातही जबडा आणि सुई एकच. इतका चपखल शब्द घरात असताना ‘रसशोषक’ कशाला?

‘डसणे’ सापापुरतं ठेवा, असं बजावणारे जाणकार आहेत. मला ते मुळीच पटत नाही. मग ‘डास’ कुठून आला? तोही सुयांनी टोचतो, वेगळ्या नळीतून लाळ सोडतो आणि त्या लाळेतूनच हिवताप देतो. टोचून आत काही सोडणं हाच माझ्या मते डसण्याचा गाभा. साप विष सोडतो, पांढरी माशी विषाणू.

माशीचं म्हणाल तर ती माशी नव्हेच. खऱ्या माशीला दोन पंख, हिला चार. ही माव्याची भावकी. पण नाव शेतकऱ्यांच्या तोंडी बसलंय, ते राहू द्या.