सोनं कमी निघालं म्हणताय, पण टबातलं पाणी कुठे ओतलंत?

तुमची पोस्ट वाचली आणि खरं सांगते, हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. अर्धा किलो पेडर्टच्या (सोनं मिसळलेल्या वाळूच्या) पिशवीवर अर्धा ग्रॅम सोनं छापलंय, तुम्ही मुलांना घेऊन ती वाळू टबातल्या पाण्यात परातीने धुण्यात दोन रविवार घालवले, निघालं ०.२८, पोरं हिरमुसलीत आणि आता विक्रेत्याची तक्रार करू का असं विचारताय. आमचीच गोष्ट आहे ही, फक्त आमचा आकडा ०.३१ होता.

परात कशी धरायची, हेलकावे कसे द्यायचे हे सांगत बसत नाही, तुमच्या फोटोवरून ते तुम्हाला येतंय असं दिसतंय आणि त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. मला एकच विचारायचंय, टबातलं पाणी आणि तळाला उरलेली वाळू कुठे गेली? कारण पोस्टच्या शेवटी तुम्ही "मग सगळं धुऊन आवरून ठेवलं" असं लिहिलंय आणि ते "धुऊन आवरून" वाचून माझ्या काळजात धस्स झालं.

आमच्याकडे हे खूळ नवऱ्याने आणलं. लेक तेव्हा अकराची, धाकटा आठचा. मी जरा जास्तच टापटिपीची, रात्री टब भरलेला राहिला तर मला झोप येत नाही, त्यामुळे काम संपलं की पाणी, वाळू, सगळं मागच्या झाडाखाली ओतायचं, टब घासायचा आणि पालथा घालायचा. तीन पिशव्या अशा गेल्या, तिन्हीत सोनं कमी. पिशवीसोबत एक चिठ्ठी होती, त्यावर स्पष्ट लिहिलेलं की पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि नवी परात आधी साबणाने नीट घासून घ्या. मी दोन्ही होऊ दिलं नाही. फेस होतो, पोरं तेच हात डोळ्यांना लावतात, आणि मुळात सोनं एवढं जड, त्याला साबण कशाला पाहिजे, असं माझं लॉजिक. वर तासभर पाण्यात राहून हात फुटतात म्हणून मी सगळ्यांच्या हातांना क्रीम चोपडून द्यायचे. आता आठवलं तरी कपाळावर हात मारावासा वाटतो.

चौथ्या पिशवीच्या वेळी पाहुणे आले म्हणून टब चार दिवस तसाच राहिला. पाणी आटून बोटभर खाली गेलं. लेकीने हाक मारली, आई टबाला पिवळी रेघ आलीय बघ. मला वाटलं क्षार असतील, पाणी आटलं की भांड्याला कड धरते तशी. तिने रेघेवरून बोट फिरवलं तर पेरावर हळदीची चिमूट लागावी तसं काहीतरी. भिंगाखाली धरलं. सपाट पापुद्रे, कडा वेड्यावाकड्या, आणि सावलीत नेलं तरी तेवढेच पिवळे (अभ्रक असेल तर उन्हात चमकतं आणि कोन बदलला की विझतं, सोनं विझत नाही). मी तिथेच खाली बसले. तीन पिशव्यांचं पाणी माझ्या या हातांनी ओतलं होतं.

माझं लॉजिक तसं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून तर एवढे दिवस लक्षात आलं नाही. सोन्याची घनता १९.३, साध्या पांढऱ्या वाळूची म्हणजे क्वार्ट्झची २.६५. पाण्यात बुडलं की दोन्हीतून पाण्याचा १ वजा धरायचा, म्हणजे १८.३ विरुद्ध १.६५, साधारण अकरा पट. कोरड्यात हाच फरक सात पट असतो, म्हणूनच तर आपण पाण्यात रोळतो. पण हे सगळं पाण्यात बुडलेल्या कणाचं गणित आहे. बारीक सोनं गोळीसारखं नसतं, ठोकून ठोकून पापुद्रा झालेलं असतं, त्याला जरा जरी तेलकटपणा लागला की पाणी त्याला नीट भिजवतच नाही आणि पृष्ठताणामुळे तो पापुद्रा पाण्याच्या कातडीवर बसून राहतो, जशी हलकेच ठेवली तर सुई तरंगते. मग तुम्ही परात कलती केली की पहिलं बाहेर जाणारं पाणी म्हणजे वरचं पाणी, आणि त्यावर बसून सोनं टबात. साबण पृष्ठताण कमी करतो, पापुद्रा ओला होतो आणि गुमान तळाला जातो. दोन थेंबांचं काम. आणि मी हातांना क्रीम लावून देत होते!

बरं हे कळायच्या आधी मी काय केलं तर विक्रेत्याला दोन महिने मेल. नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही. त्याने एकदाच उत्तर दिलं की उरलेली वाळू जपून ठेवा आणि पुन्हा धुवा. ते मला एवढं लागलं, म्हणजे चूक आमचीच का, असं म्हणून मी एक स्टार देऊन लांबलचक रिव्ह्यू लिहिला. लेकीच्या त्या रेघेनंतर रिव्ह्यू काढून टाकला आणि माफीची मेल तीनदा लिहून खोडली, चौथ्यांदा पाठवली. उत्तर आलं नाही. झाडाखालची दोन बादल्या माती उकरून साबणाच्या पाण्यात धुतली, ०.०४ मिळालं, बाकी पावसाने कुठे नेलं देव जाणे. पण सोन्याचं एवढं नाही हो. धाकटा येताजाता "ते काका चोर आहेत" म्हणायचा आणि ते त्याने माझ्याच तोंडून उचललेलं. टबाला हात लावायचं त्याने कधीच सोडलं होतं. त्याला परत बसवायला जे काही लागलं ते सोन्याच्या काट्यावर मोजता येणार नाही.

तर तक्रार थांबवा आणि आधी पुन्हा धुवा. वाळू अजून कुठल्या बादलीत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. परात, टब, चाळण्या सगळं साबणाने घासा, हातांना काही लावू नका. पाण्यात लिक्विडचे दोनच थेंब, जास्त टाकलंत तर फेस होतो आणि फेसाच्या बुडबुड्यांना चिकटूनही बारीक कण वर येतात. डिशवॉशर मशीनचं रिन्स एड मिळालं तर ते कमी फेसाचं असतं, मला तेच बरं वाटतं.

दुसरं, चाळा. तुमच्या फोटोत खडे आणि पीठ एकाच परातीत दिसतायत. मोठे खडे हलवायला जोर लावावा लागतो आणि त्याच जोराने बारीक सोनं उडतं. आमच्याकडे २० मेश आणि ५० मेश अशा दोन चाळण्या आहेत (२० म्हणजे साधारण ०.८ मिलीमीटरचं भोक, ५० म्हणजे ०.३), तीन ढीग करायचे आणि प्रत्येक वेगळा रोळायचा. सगळ्यात बारीक ढिगाला सगळ्यात कमी हेलकावा. इथे घाई करणाऱ्याला मी सरळ उठवते, नवरा असला तरी.

खरी अडचण शेवटी उरणाऱ्या काळ्या वाळूत आहे. ती बरीचशी मॅग्नेटाइटची म्हणजे लोखंडाच्या खनिजाची, घनता ५ च्या थोडी वर, पाण्यातला हिशोब लावला तर सोनं तिच्यापेक्षा फक्त चारसाडेचार पट जड पडतं, त्यामुळे ती सोन्याला सोडता सोडत नाही. लोक लोहचुंबक फिरवतात, बरोबर आहे, पण उघडा चुंबक कधीच नाही, जन्मभर वाळू काढत बसाल. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पाण्यातच फिरवा, आणि जे चिकटेल ते थेट फेकू नका. काळ्या वाळूचे कण एकमेकांना धरून झुपका करतात आणि त्या झुपक्यात सोनं अडकून वर येतं. वेगळ्या भांड्यातल्या पाण्यात पिशवीतून चुंबक काढून झुपका सोडा, परत उचला, परत सोडा, दोनतीनदा. तळाला पिवळं दिसतंच. आणि चुंबकाला न चिकटणारी काळी-लाल वाळूही असते, गार्नेट वगैरे, तिला चुंबकाचा उपयोग नाही, ती हातानेच.

टबातली वाळू मोरीत ओतू नका, पाइप तुंबेल तो खर्च वेगळा. टबाखाली दुसरा मोठा टब ठेवा आणि सगळ्यात शेवटचं वरचं पाणी जुन्या दाट कापडातून गाळा. आमच्याकडे आता "आजचा गाळ" अशी चिठ्ठी लावलेली झाकणाची बादली आहे आणि ती माझ्या परवानगीशिवाय कोणी हलवत नाही, म्हणजे मीसुद्धा लेकीला विचारून हलवते.

आपल्या हातून किती सोनं सुटतं हे बघायचं असेल तर मिळालेल्या सोन्यातले मोजून वीस कण परत धुतलेल्या वाळूत मिसळा आणि रोळा. वीसपैकी किती परत आले ते मोजा. काही लोक यासाठी शिशाचे चपटे केलेले छर्रे वापरतात, मी मुलांच्या हातात शिसं देत नाही. आमचे पहिल्यांदा अकरा आले होते! साबण आणि चाळणीनंतर अठरा. पाचव्या पिशवीत पहिल्या फेरीत ०.४६ आणि गाळ पुन्हा धुतल्यावर अजून ०.०३.

वजनाबद्दल पण बघा. काटा कुठला आहे तुमचा? ०.०१ ग्रॅमचा असेल तर त्याच्या शेवटच्या आकड्यावर भांडू नये. शिवाय स्वस्त काट्यावर चिमूट चिमूट टाकत गेलं की तो तेवढं वजन धरतच नाही, शून्यच दाखवत राहतो, म्हणून आधी एखादं नाणं ठेवा, आकडा लिहा आणि मग सोनं सगळं एकदम. पंखा बंद. सोनं पूर्ण वाळलेलं. आणि किती बारीक कण म्हणजे किती सोनं याचा अंदाज हवा असेल तर ०.१५ मिलीमीटर बाजूचा भरीव चौकोनी कण धरा, त्याचं वजन ०.०६५ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ ग्रॅमसाठी असे दीड हजार. पापुद्रे तर त्याहून हलके. त्यामुळे "एवढं बारीक गेलं तर गेलं" म्हणू नका, गेलेलं सगळं बारीकच असतं.

आता विक्रेत्यांबद्दल, सगळे साधुसंत आहेत असं मी म्हणत नाहीये. तीनदा धुऊनही निम्मंच निघालं, गाळ कोरडा करून भिंगाखाली बघितला आणि काहीच नाही, तर खुशाल तक्रार करा, फोटो आणि वजनासकट. माझं मत विचाराल तर वजन छापलेली पिशवीच घ्यावी, सोनं मोजून मिसळलेलं असतं हे उघड आहे आणि त्यात लाज काय, मुलांना शिकायला तेच बरं. "कोणीही न तपासलेली, थेट नदीतली, आत काय निघेल सांगता येत नाही" असल्या पिशव्यांपासून मी लांब राहते, न तपासता कोणी विकतो यावर माझा विश्वास नाही. आणि यातून पैसे सुटत नाहीत, तेवढ्या पैशात सरळ सोनं घेतलं तर जास्त येतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. आमच्या धाकट्याने तीन महिने सायकलचा हिशोब मांडला होता.

मी भूगर्भवाली नाही, घरात बसून झारेकरीण (माती धुऊन सोनं काढणारी) झालेली बाई आहे, तेव्हा हे अनुभवाचं बोलणं आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. पण दोन गोष्टींवर मी ऐकून घेणार नाही. नदीतून वाळू आणायची झाली तर परवानगी लागते का ते आधी लेखी विचारा. आणि एखादा कण पांढरट चंदेरी दिसला तर तो तापवायचा नाही, ॲसिडच्या व्हिडिओंच्या नादी लागायचं नाही. जुन्या खाणकामाच्या जागी सोनं पाऱ्याने धरायचे, तो पारा अजून वाळूत सापडतो आणि त्याची वाफ विषारी असते. झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा आणि जाणत्या लॅबला विचारा. लहान मूल घरात असेल तर भरलेला टब क्षणभरही एकटा सोडू नका, हे वेगळं सांगायला नको तरी सांगते.

सध्या एवढंच करा, टब अजून घासला नसेल तर तसाच सावलीत आटू द्या आणि पाण्याची जिथे कड होती तिथला जवळून काढलेला फोटो टाका. घासला असेल तर कुठल्या कोपऱ्यात ओतलं ते आठवा आणि पाऊस यायच्या आत तिथली वरची बोटभर माती उचलून बादलीत घ्या.