लहान मुलांच्या आघातावरील उपचार दोन दिवसांत शिकता येतात का?
आपण पुण्यात समुपदेशन करता आणि मानसिक आघात सोसलेल्या लहान मुलांवर पालकांसह उपचार करण्यास दोन दिवसांची कार्यशाळा पुरेल का, असे विचारले आहे. माझ्या मते ती मुळीच पुरणार नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलिशिया लिबरमन आणि पॅट्रिशिया व्हॅन हॉर्न यांनी सॅन फ्रान्सिस्कोत विकसित केलेल्या ‘चाइल्ड-पेरेंट सायकोथेरपी’ या, मूल व पालक यांना एकत्र घेऊन करायच्या उपचारपद्धतीचे प्रशिक्षण साधारण १८ महिने चालते, कारण त्यात प्रत्यक्ष हाताळलेल्या कुटुंबांविषयी अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित चर्चा करावी लागते. अपघात पाहिलेले तीन वर्षांचे मूल खेळातली गाडी पुन्हापुन्हा आपटते, तेव्हा त्याचा अर्थ आईला उलगडून सांगतानाच तिची स्वतःची भीतीही सावरावी लागते, आणि हे दुहेरी अवधान केवळ व्याख्याने ऐकून येत नाही. आपल्याकडे पुष्कळदा आजीच मूल सांभाळते. तिलाही सत्रात अवश्य बोलवावे.