वडिलांची शेतातली बंदूक माझ्या नावावर करून घ्यावी की जमा करावी? बंदुकीच्या घरात वाढलेल्यांनी सांगावं.

प्रश्न दोनदा वाचला. वडील 76 वर्षांचे, त्यांच्या नावावर बारा बोअरची एकनळी. तुम्ही नोकरीला पुण्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडची शेती बहीण आणि जावई करतात. डुकरांचा त्रास आहे, वाघाची भीती आहे आणि सुट्टीत गावी येणारी तुमची दोन लहान मुलं आहेत. एवढं सगळं लिहून तुम्ही विचारता की मुलं बिघडतील का, आणीबाणीत बंदुकीचा उपयोग होतो का, आणि परवाना माझ्या नावावर करू की बंदूक ठाण्यात जमा करू. तिसराही एक रस्ता आहे. तो तुमच्या डोक्यातच आला नाही, म्हणून लिहायला बसले.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातली. धानाचा पट्टा, बांधीच्या पलीकडे जंगल. आबाजींकडे भरमार होती, म्हणजे ठासणीची, पीक राखायच्या परवान्यावरची. 1959 च्या शस्त्र कायद्यात तशी सोय आहे. नंतर बाबांनी तुमच्यासारखीच बारा बोअर घेतली, पण मी शिकले ती भरमारवर.

मुलं बिघडतील का, हे आधी सांगते. बंदुकीनं पोरं बिघडत नाहीत. लपवलेल्या बंदुकीनं बिघडतात. आमच्याकडे बंदूक ओसरीत सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असायची, पण बंदुकीच्या दारूचा डबा कोठीच्या खोलीत आणि ती दारू पेटवणाऱ्या टोप्या आजीच्या कमरेच्या बटव्यात. तीन वस्तू तीन जागी, तीन माणसांकडे. आबाजी जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, निघाले की आजीपुढे हात पसरायचे, ती मोजून टोप्या द्यायची आणि सकाळी मोजून परत घ्यायची. दिवसा दोघांचं वाजलं असेल तर दोन कमीच द्यायची. वावरात कधी जाणार, किती बार काढणार, सगळं तिला सांगावं लागे. सरकारी परवाना नावाला आबाजींचा, खरा आजीचा.

शिवाय बंदूक म्हणजे काम, हे आम्हाला लहानपणीच कळलं. काळ्या दारूची राख नळीत राहिली की ओल धरते आणि लोखंड खाते. म्हणून बार काढला की दुसऱ्या दिवशी गरम पाण्यानं नळी धुवायची, उन्हात वाळवायची आणि गजाला चिंधी बांधून तेलाचा बोळा फिरवायचा. सडक्या अंड्यासारखा वास येतो. दादाला त्या वासानं मळमळायचं, म्हणून तो अभ्यासाचं निमित्त सांगून पळायचा. मी करायचे. आबाजी शेजारी बसून एकेक भाग दाखवायचे, घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा भाग, अर्ध्यावर कसा आणायचा, टोपी जिच्यावर बसते त्या निपलवरून कशी काढायची, नळीचं तोंड कुठे असावं. बार मात्र मला कधी काढू दिला नाही.

आता आणीबाणीचं. त्यावरच मला जास्त बोलायचं आहे.

आमच्या घरात एक ठरलेलं होतं. रात्री वावरातून एक बार ऐकू आला तर डुकरं आलीत, झोपा. त्याच्या मागोमाग दुसरा आला तर माणूस अडचणीत आहे, उठा. भरमार पुन्हा भरायला वेळ लागतो आणि दारू महाग, त्यामुळे हौसेनं कोणी दुसरा बार काढत नाही. दुसरा बार झालाच तर कोणी काय करायचं हेही ठरलेलं होतं. बाबांनी कंदील आणि कुऱ्हाड घ्यायची. आईनं ट्रंकेत वर ठेवलेली धुतलेली धोतरं घ्यायची. दादानं पोलीस पाटलांकडे पळायचं, कारण गावातला ट्रॅक्टर त्यांचा. मी बॅटरी धरायची आणि बंदूक ताब्यात घ्यायची. हे शेवटचं आबाजींनी बाबांसमोर सांगितलं होतं, "बंदुकीले बाईच हात लावीन, बाकी कोणी नोका लावू." बाई म्हणजे मी, तेव्हा सातवी-आठवीत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, कार्तिकात, धान लोंबीवर असताना तो दुसरा बार झाला.

आबाजी मचाणावरून खाली उतरले होते, लघवीला. बांधाच्या आडोशाला पिलांसोबत डुकरीण होती. तिनं सरळ येऊन मांडी फाडली. डुकराचा सुळा वरच्या बाजूला ओढत नेतो, जखम दिसते त्यापेक्षा खोल असते. आबाजी पडले, पण बंदूक सुटली नव्हती. पडल्या पडल्या एक बार काढला, ती मागे सरली. मग त्या अवस्थेत, पाठीवर पडून, दारू ओतून, चिंधी ठासून दुसरा काढला. आणि आम्ही पोहोचेपर्यंत तिसरा भरून, टोपी लावून, घोडा पूर्ण चढवून बंदूक पोटावर घेऊन पडले होते, कारण झुडपात अजून हालचाल होती.

आता चित्र बघा. अंधार, कंदील, गावातून धावत आलेली माणसं, सगळ्यांची एकच घाई की म्हाताऱ्याला उचला. आणि म्हाताऱ्याच्या पोटावर भरलेली, घोडा चढलेली बंदूक. कोणाच्या धोतराचा सोगा अडकला असता तरी पुरलं असतं. आबाजी ओरडत होते, "मले उचलू नोका, पयले बंदूक पाहा." कोणी ऐकत नव्हतं. मी बॅटरी बाबांच्या हातात दिली, नळीचं तोंड बांधाकडे फिरवलं, अंगठ्यानं घोडा दाबून धरून अर्ध्यावर आणला आणि टोपी काढून तोंडात धरली, कारण हात रक्तानं निसरडे झाले होते आणि फ्रॉकला खिसा नव्हता. मग म्हटलं, उचला.

आईनं घडी केलेलं धोतर जखमेवर दाबलं, वरून दुसरं घट्ट बांधलं आणि दवाखान्यापर्यंत हात काढला नाही. कोणीतरी मूठभर हळद घेऊन आलं होतं, त्याला तिनं जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. ट्रॅक्टरनं तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पाय लंगडा राहिला, आबाजी राहिले. उरलेला बार सकाळी बाबांनी बांधात मोकळा केला.

ही गोष्ट आमच्या नात्यात अजून सांगितली जाते. दादा सांगतो तेव्हा ती पाटलांच्या घरापर्यंत अंधारात एकट्यानं धावण्याची गोष्ट असते. तो धावला हे खरं आहे आणि ट्रॅक्टर नसता तर आबाजी गेले असते हेही खरं आहे. पण त्याच्या गोष्टीत बंदूक आपोआप रिकामी होते.

तुमच्या "आणीबाणीत उपयोग होतो का" याचं उत्तर यातच आहे. आमच्या घरी बंदूक भोंगा म्हणून कामाला आली आणि तिच्यामुळे घराला सवय लागली. जनावर मारायला म्हणून विचारत असाल तर विसरा. वाघ कायद्यानं सर्वात वरच्या संरक्षणात आहे, शिकार केली तर किमान 3 वर्षं आत. तुमच्याच राळेगाव भागात बोराटीच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघिणीला गोळी घातली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते, परवानगी होती, तरी त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. तिथे तुमची एकनळी काय करणार? रानडुकराचंही तसंच. वन्यजीव कायद्यात लेखी परवानगीची सोय आहे, पण 2016 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात डुकरं मारायची परवानगी निघाली तेव्हा मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांचं त्यावरून जाहीर वाजलं. मध्ये शेतकरी होता तिथेच राहिला.

आणखी एक गंमत शहरातल्या लोकांना माहीत नसते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. आपल्या विधानसभेच्या निवडणुका बघा. 2009, 2014, 2019 तिन्ही ऑक्टोबरात, 2024 ची नोव्हेंबरात. धान लोंबीवर येतो, डुकरं वावरात येतात आणि बंदूक ठाण्याच्या खोलीत जाते. सूट मिळू शकते, पण त्यासाठी अर्ज करा, फेऱ्या मारा. तेवढ्यात डुकरं जेवून जातात.

पिकासाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला नुसता झटका देणारं यंत्र, लावा. जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान मिळतं, वन विभागात विचारा. मात्र तारेत खांबावरचा थेट करंट सोडणाऱ्यांच्या नादी लागू नका, आमच्याकडे त्यानं डुकरांसोबत माणसंही मेलीत. माणसांसाठी म्हणाल तर बहिणीला विचारा की तिच्या गावात खरी आणीबाणी कोणती. ती साप म्हणेल. मग वीज, मग मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्त्याला पहाटे एकट्यानं जाणं. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे आणि रात्री दोनला कोणाची गाडी निघते, हे घरातल्या दहा वर्षांच्या पोराला पाठ हवं. रुग्णवाहिकेचा 108 आणि वन विभागाचा 1926 लक्षात असू द्या, पण वावरात रेंज नसते, म्हणून गळ्यात शिट्टी आणि मचाणावर दोन सुतळी बॉम्ब. आमचा दुसऱ्या बाराचा नियम आता सुतळी बॉम्बवर चालतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येते.

बाबा गेले तेव्हा बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाली. वारसानं अर्ज करायचा होता. शेती मी आणि आई करत होतो. माझं सासर त्याच गावचं, वावर लागून. दादा नागपुरात. मी म्हटलं, अर्ज माझ्या नावानं करू. बैठकीत काका हसले, "बाई, बंदूक सासरी नेतं का आता?" दादा म्हणाला, घराण्याची वस्तू आहे, घरात राहिली पाहिजे. घर म्हणजे नागपूरचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भांडण वाढू नये म्हणून आईनं मला सही करायला सांगितलं, मी ना-हरकत दिली. आता बंदूक फ्लॅटमधल्या कपाटात असते. दसऱ्याला निघते, हळदकुंकू लागतं, फोटो फॅमिली ग्रुपवर येतो. फोटोत नळीचं तोंड भाच्याच्या डोक्याकडे असतं, हे मी ग्रुपवर लिहिलं तर वहिनीनं दोन दिवस फोन घेतला नाही.

परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो, हे नीट समजून घ्या. तुमच्या नावावर झाला आणि तुम्ही पुण्यात असलात, तर बहिणीनं ती बंदूक हातात घेणं गुन्हा आहे, वावर तिच्या घामाचं असलं तरी. म्हणजे डुकरं राळेगावला आणि बंदूक पुण्याला. 2016 च्या शस्त्र नियमांत परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे असल्याला 25 वर्षं झाली, की त्याला हयातीतच वारसाचं नाव सुचवता येतं, आणि वारसांत मुलगीही आहे. तुमचे वडील 76 चे आहेत, तेव्हा आजच अर्ज करता येईल. त्यांनी बहिणीचं नाव द्यावं. तिला नको असेल तर खुशाल जमा करून टाका, मला काही म्हणायचं नाही. पण आधी तिला विचारा. तुम्ही प्रश्नात "बहीण आणि जावई शेती पाहतात" एवढंच लिहिलंय, त्यांचं मत काय ते एका शब्दानं लिहिलेलं नाही.

काही गोष्टी राहिल्या. मी सातवीत बंदुकीला हात लावला तो काळ वेगळा होता आणि प्रसंगही. आज मुलांच्या हातात देऊ नका, आता परवान्यासाठी 21 वर्षं पूर्ण लागतात आणि नव्या अर्जदाराला शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते चांगलंच आहे. टोपी, घोडा हे मी लिहिलं ते भरमारचं. तुमची बारा बोअर मोडून उघडते, तिच्यात काडतूस आहे का ते उघडून बघायचं आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या माणसाकडे ठेवायची. घरात कोणी फार दारू पिणारं असेल, किंवा कर्जानं, नापिकीनं मन खचलेलं कोणी असेल, तर वर लिहिलेलं सगळं रद्द समजा आणि उद्या सकाळी बंदूक ठाण्यात नेऊन द्या. आमच्या भागात हे मला समजावून सांगायची गरज नाही.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, पोलिसांचा अहवाल मागवतात, वेळ लागतो. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागेल, म्हणजे तुमचीच. ती सुट्टीत गावी याल तेव्हा सही करून देऊन या.